वय ५० लाख, प्रवास चार कोटी वर्षांचा

एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास महाराष्ट्रातून आकाशगंगेचा पट्टा शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. तो त्या वेळी क्षितिजाच्या कडेकडेने लोळत असतो, धुरळ्यात आणि गावांच्या उजेडात बुडालेला. डोक्यावर सप्तर्षी आणि सिंह असतात. त्या दोघांच्या मध्ये लघुसिंह नावाचा एक ओसाड तुकडा आहे, ज्यात साध्या डोळ्यांना धड चार तारेही मोजता येत नाहीत. त्या वेळी आपण आकाशगंगेच्या तबकडीतून जवळजवळ सरळ वर, बाहेरच्या मोकळ्या जागेत बघत असतो.

या तुकड्यातला सर्वांत ठळक तारा नारिंगी आहे, ४६ लघुसिंह. दहा बाय पन्नासची दुर्बीण त्याच्यावर लावायची आणि ध्रुवाच्या बाजूला साडेतीन अंश सरकायचं. दोन्ही एकाच वर्तुळात मावतात. तिथे सातव्या प्रतीचा, म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारा, एक ठिपका दिसतो. भंडारदऱ्याला तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नकाशा तीनदा ताडून पाहिला होता. सतरंजीवर शेजारी बसलेल्या मित्राने दुर्बीण परत देताना "हाच का? बरं," एवढंच म्हटलं. त्याचं काही चुकलं नाही, दिसायला त्यात काहीच नाही. नारिंगी शेजारी आपल्यापासून शंभर प्रकाशवर्षांच्या आत आहे आणि हा जवळपास चार हजार प्रकाशवर्षांवर, हे दुर्बिणीतून कळायला मार्ग नाही.

या ताऱ्याला घरगुती नाव नाही. एचडी ९३५२१ हा हेन्री ड्रेपर सूचीतला त्याचा क्रमांक. हार्वर्डच्या वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्णपट एकेक करून पाहिले, वर्गवारी लावली, आणि १९१८ ते १९२४ या काळात ती सूची छापून आली. त्यातले क्रमांक आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने पडत जातात, त्यामुळे त्यांत मानसन्मान काही नाही. सर्व्हे नंबरासारखा प्रकार. सूचीतल्या बहुतेक ताऱ्यांकडे पुढे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. या एकाने मात्र खगोलशास्त्रज्ञांना चाळीसेक वर्षं वाद घालायला लावला.

जातीचा तारा, पण गाव चुकलेलं

त्याची जात ओ ९.५. म्हणजे पृष्ठभागाचं तापमान ३० हजार अंशांच्या आसपास, वस्तुमान सूर्याच्या पंधरा ते वीस पट. याच जातीचे दोन तारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत: मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे घ्या, त्यांतले दोन टोकांचे. फरक एवढाच की ते वयाने पुढे सरकून फुगलेले आहेत, आणि ते जिथे असायला हवेत तिथेच आहेत. मृगात वायूचे, धुळीचे ढग आहेत, त्यांतून आजही तारे जन्मत आहेत, आणि मोठे तारे त्या बाळंतिणीच्या खोलीच्या आसपासच सापडतात. त्यांचं आयुष्यच इतकं आखूड असतं की लांब जायला सवड मिळत नाही. म्हणून आकाशगंगेतले ओ जातीचे तारे तबकडीच्या मध्यपातळीला चिकटून असतात, काही शे प्रकाशवर्षांच्या आत.

एचडी ९३५२१ त्या पातळीपासून सुमारे १ किलोपार्सेक वर आहे. सव्वातीन हजार प्रकाशवर्षं. तिथे ना ढगांचा गर्दीचा पट्टा, ना तारे जन्मणारी खाण, ना भावंडांचा तारकागुच्छ.

अशा ताऱ्यांबद्दल पहिला तर्क नेहमी एकच असतो: इथला नाही, कुठून तरी आलाय. आणि तो तर्क वाईट नाही. जन्मगावातून फेकले गेलेले, भरधाव सुटलेले मोठे तारे आपल्याला माहीत आहेत. मृगाच्या परिसरातून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी एई ऑरिगी आणि म्यू कोलंबी हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगाने उडाले. ब्लाउ आणि मॉर्गन यांनी १९५४ मध्ये त्यांच्या वाटा मागे नेऊन दाखवल्या होत्या. तेव्हा आपला ताराही तबकडीतून फेकला गेला आणि वर येऊन पोचला, असं म्हणून फाइल बंद करता आली असती.

ती बंद झाली नाही, कारण ताऱ्याजवळ दोन घड्याळं होती आणि दोन्ही वेगवेगळी वेळ दाखवत होती.

दोन घड्याळं

पहिलं घड्याळ पोटातलं. ताऱ्याचं वस्तुमान किती, तेज किती, तापमान किती हे कळलं की गाभ्यातलं हायड्रोजनचं इंधन किती जळून गेलंय याचा हिशेब लागतो. मोठ्या ताऱ्याजवळ इंधन जास्त असतं, पण उधळपट्टी त्याहून कितीतरी जास्त. सूर्याला दहा अब्ज वर्षं पुरतं. सूर्याच्या सतरापट ताऱ्याला एक कोटी वर्षंही जेमतेम. एचडी ९३५२१ चं हे वय निघतं साधारण ५० लाख वर्षं.

दुसरं घड्याळ वाटेचं. तारा आज कुठे आहे, कोणत्या दिशेने किती वेगाने चाललाय हे ठाऊक असेल तर त्याला मागे मागे नेऊन तबकडीशी टेकवता येतं. त्याला लागणारा काळ म्हणजे प्रवासाचा काळ.

इथे कागदावर करता येण्याजोगा एक हिशेब आहे, तो मला फार आवडतो. सेकंदाला १ किलोमीटर वेग असेल तर दहा लाख वर्षांत जवळपास बरोबर १ पार्सेक अंतर कापलं जातं. योगायोगच, पण सोयीचा. म्हणजे ५० लाख वर्षांत हजार पार्सेक वर चढायचं तर सरासरी वेग हवा सेकंदाला २०० किलोमीटर. शिवाय खालच्या तबकडीचं गुरुत्व त्याला सतत मागे ओढत असणार, म्हणजे निघताना याहूनही जास्त. एवढ्या वेगाने सुटलेला तारा आजही चांगला सुसाट दिसायला हवा. एचडी ९३५२१ तसा दिसत नाही. वर फेकलेला चेंडू टोकाला जाऊन रेंगाळतो, तशी त्याची गत आहे.

पहिला संशय अंतरावर

दोन घड्याळं जुळत नसली की कारागीर आधी एक घड्याळ खोटं ठरवायला बघतो. १९८०च्या दशकापासून संशय होता तो पहिल्या घड्याळावर: हा खरंच मोठा तारा आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. आकाशगंगेच्या तबकडीबाहेर जे तप्त, निळे तारे दिसतात त्यांतले पुष्कळसे म्हातारे आणि हलके असतात. सूर्याएवढ्या किंवा त्याहून लहान ताऱ्याने आयुष्याच्या उतरणीवर बाहेरची कवचं टाकली की आतला तापलेला भाग उघडा पडतो, आणि त्याचा वर्णपट वरवर पाहता एखाद्या तरुण, जड ताऱ्यासारखा दिसू शकतो. दोघांमधला खरा फरक तेजाचा. पण तेज कळायला अंतर कळावं लागतं, आणि अंतरच माहीत नव्हतं. हा तारा हलका आणि जवळ असेल तर काहीच गूढ नाही: म्हातारा आहे, भरपूर वेळ होता, हळूहळू आला. तो जड आणि लांब असेल तर मात्र पंचाईत.

रासायनिक घडणीवरून तो तबकडीतल्या तरुण ताऱ्यांच्या घराण्यातला वाटत होता; पृष्ठभागावर हेलियम मात्र नेहमीपेक्षा जास्त. एका पुराव्याने एकीकडे ओढावं, दुसऱ्याने दुसरीकडे. हिपार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ दरम्यान ताऱ्यांचे पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून किंचित सरकलेला दिसतो त्याचा कोन, मोजले; त्यावरूनच अंतर निघतं, पण या ताऱ्याचा पराशय एका सेकंदाच्या कोनाच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहे आणि हिपार्कोसची चूक साधारण तेवढीच होती. म्हणजे काटा हलला तरी ताऱ्यामुळे की तराजूमुळे, सांगता येईना. २०१२ मध्ये लिएज विद्यापीठाच्या ग्रेगोर राऊ आणि सहकाऱ्यांनी एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीने तो तपासला, तेव्हाही त्याचं कूळ हा प्रश्न चर्चेत होताच.

गंमत अशी की याच काळात हा तारा दुसऱ्याच कामाला जुंपलेला होता. त्याचं स्वतःचं कूळ ठरेना, पण दिवा म्हणून तो फर्मास होता. निळा, प्रखर, उंचावर टांगलेला, आणि वाटेत धूळ नगण्य. त्याच्या आणि आपल्या मध्ये जो विरळ वायू पसरलाय तो त्याच्या प्रकाशातले ठरावीक रंग गिळतो, आणि तेवढ्यावरून त्या वायूत काय काय आहे ते कळतं. लायमन स्पिट्झर आणि एडवर्ड फिट्झपॅट्रिक यांनी १९९३ मध्ये हबल दुर्बिणीच्या वर्णपटमापकाने हेच केलं. वाटेतले ढग वेगावेगांनुसार सुटे केले, आणि प्रत्येकातली मूलद्रव्यं मोजली. स्पिट्झर म्हणजे तेच, ज्यांनी अवकाशात दुर्बीण ठेवण्याची कल्पना १९४६ मध्ये, एकही उपग्रह उडालेला नसताना मांडली होती. उतारवयात त्याच दुर्बिणीने त्यांनी आकाशगंगेच्या प्रभामंडलातला वायू तपासला, आणि त्यासाठी उजेड धरला तो आपल्या या बेवारशी ताऱ्याने.

वर्णपटातली पसरट दरी

या ताऱ्याच्या वर्णपटाचा एक छोटा तुकडा नीट बघण्यासारखा आहे. पिवळ्या भागात ५८७६ अँगस्ट्रॉमवर (हे प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं एकक) हेलियमने प्रकाश गिळल्याची एक रेषा असते. सूर्यासारख्या संथ ताऱ्यांत रेषा म्हणजे खरोखर रेषा: सुरीने चिरल्यासारखी, अरुंद, खोल. एचडी ९३५२१ मध्ये त्या जागी एक उथळ, पसरट दरी दिसते, जवळजवळ पंधरा अँगस्ट्रॉम रुंद. आणि तिच्या लगेच उजवीकडे, ५८९० आणि ५८९६ वर, सोडियमच्या बारीक खुणा, सुईने टोचल्यासारख्या. त्या ताऱ्याच्या नाहीत, वाटेतल्या थंड वायूच्या आहेत. एकाच पट्टीवर दोन्ही शेजारी दिसतात, म्हणून उपकरणाला दोष देता येत नाही. दरी ताऱ्याचीच.

ती रुंद का? तारा गरगरतो म्हणून. एक कड आपल्याकडे येते, तिचा प्रकाश निळ्याकडे सरकतो. दुसरी कड दूर जाते, तिचा लालीकडे. मधल्या सगळ्यांची बेरीज म्हणजे ती दरी. तिच्या रुंदीवरून विषुववृत्तावरचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर. सूर्याचा असतो २. सूर्याला एक फेरी घ्यायला पंचवीसेक दिवस लागतात. हा सूर्याच्या सातेक पट रुंद असूनही एका दिवसाच्या आत फेरी पुरी करतो. आणखी थोडा वेग वाढला तर विषुववृत्तावरचं द्रव्य सुटून उडायला लागेल, इतपत तो कडेला आलेला आहे.

दरीच्या तळाशी बारीक उंचवटेही आहेत, आणि ते एका कडेकडून दुसरीकडे सरकत जातात. ताऱ्याचा पृष्ठभाग लाटांनी थरथरतो, त्यांची ही खूण. पावणेदोन तास आणि २.८९ तास असे दोन ठळक आवर्तनकाळ त्यांत सापडले आहेत. या उंचवट्यांमुळेच ताऱ्याचा आपल्याकडे येण्या-जाण्याचा वेग नेमका मोजणं जिकिरीचं होतं: एवढ्या पसरट आणि हलत्या दरीचा मध्य धरायचा कुठे? म्हणून एका रात्रीच्या मोजणीवर विसंबून चालत नाही, वर्षानुवर्षांच्या मोजण्या एकत्र कराव्या लागतात.

फिरण्याचा आणखी एक घोळ आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. इतक्या वेगाने फिरणारा तारा गोल राहत नाही, विषुववृत्तावर फुगतो. फुगलेल्या भागात गुरुत्व कमी, म्हणून तो भाग थंड आणि मंद. ध्रुव आकसलेले, म्हणून तप्त आणि झगझगीत. फॉन झायपेल यांनी १९२४ मध्येच हे गणिताने दाखवलं होतं. मग असा तारा किती तेजस्वी, याला एकच उत्तर उरत नाही. ध्रुवाकडून बघाल तर जास्त, कमरेकडून बघाल तर कमी. आपण एचडी ९३५२१ कडे बहुधा कमरेकडूनच बघतो, नाहीतर दरी एवढी रुंद दिसली नसती. म्हणजे त्याचं दिसणारं तेज साध्या गोल ताऱ्याच्या सूत्रात घातलं तर वय चुकणार. ज्या वयावरून एवढा गहजब, ते काढतानाच हा खड्डा टाळावा लागतो.

गायानंतर

गाया उपग्रह डिसेंबर २०१३ मध्ये उडाला. डिसेंबर २०२० मध्ये त्याची जी सूची आली, तीत या ताऱ्याचा पराशय आणि आकाशातलं सरकणं, दोन्ही विश्वासाने वापरता येतील इतक्या बारकाईने नोंदलेलं होतं. मग २०२२ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातले डग्लस गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही घड्याळं नव्याने उघडली. अंतर गायाचं, वेग जुन्यानव्या मोजण्यांचे मिळून, आणि तेजासाठी फिरणाऱ्या, फुगलेल्या ताऱ्याचं प्रारूप.

निकाल: वय ५० लाख वर्षं, चूक २० लाख इकडे-तिकडे. प्रवास ३ कोटी ९० लाख वर्षं, चूक ३० लाख.

म्हणजे घड्याळं जुळली तर नाहीतच, उलट आता दोन्ही भरवशाची ठरली. तारा खरोखर जड आणि तरुण, वाट खरोखर लांब आणि जुनी. मोजणीतल्या चुकांच्या मर्यादा कितीही ताणल्या तरी एकमेकींना शिवत नाहीत. चार कोटी वर्षांपूर्वी सतरा सूर्यांएवढा तारा निघाला असता, तर तो वाटेतच, पाव रस्त्यावर, सुपरनोव्हा होऊन संपला असता.

दोन पर्याय पटकन बाजूला करता येतात. तो वरच जन्मला? एकट्यादुकट्याने जड तारे जन्मत नाहीत; ढग लागतो, सोबत शेकडो लहान भावंडं लागतात. तसा गुच्छ तिथे नाही. तो मधूनच कुठून तरी वेगाने आला? गायाच्या नोंदींतून निघणारा वेग ते म्हणू देत नाही.

उरतं ते एक गृहीतक, जे कुणी उघडपणे मांडलंही नव्हतं, कारण मांडावं असं वाटतच नाही: जो निघाला आणि जो आज दिसतोय, तो एकच तारा आहे.

आपल्याकडे एका पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली तारीख. दाखल्यावरचं वय खोटं नसतं म्हणे, पण ते जन्मापासून मोजलेलं नसतं. नोंद झाली तिथपासून मोजलेलं असतं. ताऱ्याच्या पोटातलं घड्याळ असंच. ते जन्म मोजत नाही, इंधन मोजतं. मध्येच कुणी टाकी भरली तर काटा मागे जातो.

दोघांचा एक

गीस आणि मंडळींचं म्हणणं असं: तबकडीतून निघाली ती एक घट्ट जोडी. एकमेकांभोवती अगदी जवळून फिरणारे दोन हलके तारे. जोडीनेच त्यांनी वरची वाट धरली, आणि वाटेत कधीतरी दोघे एकमेकांत मिसळून एक झाले. आज दिसतो तो त्या विलीनीकरणातून झालेला तारा.

आकडे किती सहज बसतात बघा. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण कुणालाही करून पाहता येईल. सतरा सूर्यांच्या आसपासचा तारा म्हणजे आठ-नऊ सूर्यांचे दोन. आठ-नऊ सूर्यांच्या ताऱ्याचं आयुष्य साधारण तीन ते चार कोटी वर्षं, म्हणजे प्रवासाच्या काळाएवढं. ताऱ्याचं इंधन संपत आलं की तो फुगायला लागतो, आणि फुगला की शेजारच्याला टेकतो. घट्ट जोड्या एकमेकांत मिसळायची वेळ बहुधा हीच. मिसळताना बाहेरचा न जळालेला हायड्रोजन गाभ्यात ढवळला जातो आणि नव्या, जड ताऱ्याचं घड्याळ जवळपास सुरुवातीला येतं. गाभ्यातलं हेलियमही वर येऊ शकतं. जास्तीच्या हेलियमचं कोडं त्याने हलकं होतं.

आणि गरगरणं? एकमेकांभोवती फिरण्यात जो कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, होता तो जाणार कुठे? दोन फिरत्या माणसांनी एकमेकांना मिठी मारली की गिरकी उरतेच. एकाच उत्तरात वय, वेग, हेलियम आणि एकटेपणा चारही बसतात, म्हणून मला ते पटतं.

निघण्याचा वेगही आता माफक झाला. तबकडीच्या गुरुत्वाविरुद्ध किलोपार्सेकभर उंच जाऊन रेंगाळायला सेकंदाला साठ ते ऐंशी किलोमीटर पुरतात. पण जोडी अखंड राहून एवढा वेग कसा मिळाला, हे बघायला हवं. ताऱ्यांना गावाबाहेर काढण्याचे दोन रस्ते पुस्तकात आहेत. एक ब्लाउ यांनी १९६१ मध्ये मांडलेला: जोडीतल्या एकाचा सुपरनोव्हा झाला की दुसरा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. झीटा ऑफ्युकी हा असाच सुटलेला आणि असाच गरगरणारा तारा मानला जातो. पण या रस्त्याने सहसा एकटाच बाहेर पडतो. जोडी बाहेर पडायला मुळात तिघं असावे लागतील. दुसरा रस्ता पोवेदा यांनी १९६७ मध्ये दाखवला: दाट गुच्छात तारे एकमेकांच्या फार जवळून गेले की ढकलाढकलीत कुणीतरी बाहेर फेकलं जातं. घट्ट जोडी असेल तर ती न तुटता फेकली जाऊ शकते. आपल्या प्रकरणात मला हाच रस्ता जास्त शक्य वाटतो.

विलीनीकरण ही काही अडचणीत सापडल्यावर काढलेली पळवाट नव्हे. ॲलन सँडेज यांना १९५३ मध्ये एम ३ या गुच्छात काही तारे असे सापडले, जे भावंडांच्या मानाने भलतेच तरुण दिसत होते. अशा ताऱ्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात, आणि त्यांच्यामागे बहुधा जोडीदारच असतो, गिळलेला किंवा लुबाडलेला. वृश्चिकेतला व्ही १३०९ तर रंगेहाथ सापडला. सप्टेंबर २००८ मध्ये तो अचानक भडकला. पोलंडच्या ओगल या आकाश-सर्वेक्षणाने तो भाग आधीची अनेक वर्षं टिपलेला होता. रोमुआल्ड टायलेंडा यांनी त्या जुन्या नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की भडकण्याआधी ती सुमारे १.४ दिवसांत फेरी घेणारी जोडी होती आणि फेरीचा काळ वर्षागणिक आखूड होत चालला होता. भडकल्यानंतर जोडी दिसलीच नाही. ते तारे हलके होते, हे खरं. पण जड ताऱ्यांबद्दलही ह्यूग साना आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की ओ जातीच्या ७० टक्क्यांहून अधिक ताऱ्यांची आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी देवाणघेवाण होते, आणि त्यांतल्या एक तृतीयांश प्रकरणांचा शेवट विलीनीकरणात होतो.

जिथे मला अडखळायला होतं

आता आक्षेप. ज्येष्ठा नक्षत्रात तीन तारे मानतात. मधला लाल, तो खुद्द ज्येष्ठा, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन निळे. त्यातला एक टाऊ स्कॉर्पी. हाही सूर्याच्या पंधरा-सतरा पट, हाही भावंडांपेक्षा तरुण दिसतो, आणि याचंही कोडं विलीनीकरणानेच सोडवतात. २०१९ मध्ये फाबियान श्नायडर आणि सहकाऱ्यांनी ९ आणि ८ सूर्यांचे दोन तारे संगणकात एकमेकांत मिसळवून पाहिले. म्हणजे जवळपास आपलीच जोडी! निघालेला तारा तीव्र चुंबकीय होता, आणि सगळं शांत झाल्यावर संथ फिरत होता. खरा टाऊ स्कॉर्पीही संथच आहे, एक फेरी ४१ दिवसांची.

तर मग सारख्याच वजनाची एक जोडी मिसळून टाऊ स्कॉर्पी ४१ दिवसांत फिरतो आणि एचडी ९३५२१ एका दिवसाच्या आत? विलीनीकरण म्हणजे आपोआप गरगरणं, असं म्हणून चालणार नाही. दोघे आदळून मिसळले की हळूहळू सरकत, जोडीदारांचं वजन सारखं की एक दुप्पट, बाहेर उडालेल्या द्रव्याने किती संवेग नेला, यावर पुष्कळ अवलंबून असणार. एकाने दुसऱ्याला पुरतं न गिळता नुसतं ओरबाडलं, हाही पर्याय अशा ठिकाणी उघडा असतो. त्यातही गिरकी आणि तारुण्य दोन्ही मिळतं. पण मग ओरबाडला गेलेला, सोललेला जोडीदार शेजारी फिरत असायला हवा, आणि एचडी ९३५२१ एकटाच दिसतो.

दुसरी सावधगिरी एका जुन्या प्रकरणातून आलेली. एचई ०४३७-५४३९ हा २००५ मध्ये सापडलेला तारा सूर्याच्या आठ-नऊ पट, आणि तबकडीपासून कितीतरी लांब, सेकंदाला ७२३ किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर पळणारा. आकाशगंगेच्या केंद्रातून निघाला म्हणावं तर वाट सुमारे दहा कोटी वर्षांची, आणि आयुष्य जेमतेम तीन-साडेतीन कोटींचं. कोडं हुबेहूब हेच. तिथेही विलीनीकरणाचं उत्तर सुचवलं गेलं होतं. पण गायाची मोजमापं आल्यावर वाट वेगळीच निघाली: तारा आपल्या आकाशगंगेचा नव्हताच, मोठा मॅजेलानिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतून आला होता. तिथे निघाला म्हटलं की वाट आखूड होते आणि वय जुळतं. तिथे घड्याळं बरोबर होती, तारा एकच होता, पण गाव चुकलं होतं. एचडी ९३५२१ ला ती सवलत नाही. त्याच्या खाली आपलीच तबकडी आहे, आणि वेग एवढा कमी की दुसऱ्या दीर्घिकेतून येणं शक्यच नाही.

पुढे

चढण संपत आली आहे. चेंडू खाली यायला लागला तरी तबकडीपर्यंत पोचायला पुन्हा तेवढाच, तीनचार कोटी वर्षांचा काळ लागेल. आणि ताऱ्याजवळ उरलेलं इंधन आहे आणखी काही दशलक्ष वर्षांचं. म्हणजे तो घरी परतणार नाही. वरच, सव्वातीन हजार प्रकाशवर्षांच्या उंचीवर फुटेल. तबकडीत फुटणारे सुपरनोव्हा आपल्या भोवतीच्या दाट वायूत जागच्या जागी अडकतात. याच्याभोवती अडवायला फारसं काही नाही. त्याच्यातला ऑक्सिजन, सिलिकॉन, लोखंड त्या विरळ ढगांत विखुरेल, ज्या ढगांची मोजदाद स्पिट्झर यांनी याच ताऱ्याच्या उजेडात केली होती.

तोवर एप्रिलात दुर्बीण काढली की मी ४६ लघुसिंहावरून साडेतीन अंश ध्रुवाकडे सरकतो. गेल्या वेळी त्याच मित्राने पुन्हा विचारलं, दोघे मिसळले तेव्हा इथून दिसलं असतं का? मी म्हटलं, सातव्या प्रतीचा ठिपका त्या वेळी काही महिने तरी साध्या डोळ्यांना चांगला ठळक दिसला असणार. बघायला माणूस नव्हता.